विजापूर की बुऱ्हाणपूर?

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की आठ दिवस वाद चालतो आणि शेवटी आम्ही खुलदाबादला जाऊन येतो. शेवगावहून पैठण, तिथून औरंगाबाद, पुढे दौलताबाद आणि मग खुलदाबाद. अम्मीची जियारत होते, पोरांना वेरूळची लेणी दिसतात आणि रात्री उशिरा का होईना, माणूस आपल्या घरी झोपायला येतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेगमनं आधीच बजावलं होतं, की दोन मुक्काम तरी झाले पाहिजेत, नाहीतर ती कुठंच येणार नाही. पैसे किती खर्चायचे ते एका संध्याकाळी ठरलं. कुठं जायचं ते ठरेना.

नावं गळत गळत दोन उरली. दहावीतल्या थोरलीला बुऱ्हाणपूरला जायचं होतं, कारण तिनं मोबाईलवर तिथल्या जमिनीखालच्या पाण्याच्या भुयारांचा व्हिडिओ पाहिला होता. धाकट्याला विजापूरचा गोल घुमट हवा होता. कारण एकच, तिथं आपलं नाव ओरडलं की ते परत परत ऐकू येतं. अम्मीला विचारलं तर म्हणाली, "तुम लोगां जिधर लेके जाते उधर आतूं. बस, चढना नक्को."

(एक खुलासा करून टाकतो. विजापूरचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुर आहे, आणि माझ्या जिल्ह्याचं आता अहिल्यानगर. जुन्या काळाबद्दल लिहायचं असल्यानं इथं जुनी नावं येतील. त्यावरून वाद घालायचा असेल तर तो वेगळ्या लेखात घालू.)

खरं सांगायचं तर माझं मन आधीच बुऱ्हाणपूरकडे झुकलेलं होतं. का, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

दोन्ही गावं तशी आमच्यापासून सारख्याच लांबची, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. पण एकाचा दुसऱ्याशी काही मेळ नाही. बुऱ्हाणपूर तापीच्या काठावर, उत्तर हिंदुस्थानातून दख्खनमध्ये उतरण्याच्या दारात बसलेलं गाव. फारुकी सुलतान नासिर खानानं ते वसवलं आणि नाव दिलं हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. ज्यांच्या दर्ग्यात आमची अम्मी दरवर्षी चादर चढवते तेच हे खुलदाबादचे बुऱ्हाणुद्दीन. नदीच्या पलीकडच्या वस्तीला नाव मिळालं जैनाबाद, ते त्यांच्या गादीवर बसलेल्या जैनुद्दीन शिराझींवरून. म्हणजे तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या शेजारच्या खुलदाबादची नावं आहेत. पुढं मोगलांनी हे गाव दख्खनच्या मोहिमांचा तळ केला. शाहजहान इथं राहिला. १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथंच वारली. तिला आधी जैनाबादच्या बागेत दफन केलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी तिचं शव आग्र्याला नेलं आणि मग ताजमहाल उभा राहिला.

विजापूर म्हणजे उघडं पठार, काळा दगड आणि जिकडं पाहावं तिकडं घुमट. आदिलशाहीची जवळजवळ दोनशे वर्षांची राजधानी, आणि १६८६ साली औरंगजेबानं जिंकल्यावर पुन्हा कधी कुणाची राजधानी न झालेली. मोहम्मद आदिलशहाच्या गोल घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आत मध्ये आधाराला एकही खांब नाही. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. बोली कानडी, पण मुसलमान मोहल्ल्यांत बोलतात ती दखनी, थेट आमच्या घरातल्यासारखी. हा मुद्दा मला तेव्हा सुचला नव्हता. तो पुढं येईल.

शाळेत मधल्या सुट्टीत मी सहज दोन्ही नावं काढली. एक सहकारी हसत म्हणाले, "विजापूर? अफझलखानाच्या गावाला?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माणूस चांगला आहे, माझ्या वडिलांच्या जनाजाला आला होता. पण मी लगेच म्हणालो, "नाही नाही, बुऱ्हाणपूरचं जास्त चाललंय. मुमताज महल तिथंच वारली ना!" "वा," ते म्हणाले, "ताजमहालची गोष्ट." आणि विषय संपला.

घरी येताना मला माझाच राग आला. ताजमहाल सगळ्यांना चालतो, म्हणून मीही तो पुढं केला होता. विजापूर म्हटलं की मराठी माणसाला अफझलखान आठवतो, हे मला मान्य आहे. प्रतापगडाची गोष्ट मीही वर्गात शिकवतो आणि मन लावून शिकवतो. पण त्याच विजापूरच्या दरबारात शहाजीराजांनी उमेदीची वर्षं काढली, तेही मी शिकवतो. मग मधल्या सुट्टीत माझी जीभ का अडखळली?

याला अजून एक जुनी खपली होती. दोन-तीन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी चाँदबीबीचा धडा सांगत होतो. उर्दू माध्यमाची मुलं. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसले, इथवर आलो होतो. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, इसमें अपने कौन थे?" मी म्हणालो, दोन्ही बाजूंना मुसलमान होते, चला पुढं. पोरगं गप्प बसलं. माझं उत्तर खोटं नव्हतं. पण ते उत्तरही नव्हतं.

आमच्याकडून नगरला जाणारा रस्ता अमरापूर, तिसगाव करत करंजीचा घाट उतरतो. घाटानंतर नगर जवळ आलं की डोंगरावर एक अष्टकोनी तीन मजली इमारत दिसते. सगळा जिल्हा तिला चाँदबीबीचा महाल म्हणतो. तो महाल नाही आणि चाँदबीबीचाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान, त्याची ती कबर आहे. दुसऱ्याच्या कबरीला लोकांनी तिचं नाव दिलं आणि ते चारशे वर्षं टिकलं. मला ही चूक आवडते. ज्या राणीला तिच्याच माणसांनी मारलं, तिला निदान गावानं एक डोंगर तरी दिला.

चाँदबीबी नगरची लेक. हुसेन निजामशहाची मुलगी. तिचं लग्न झालं विजापूरच्या अली आदिलशहाशी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी दख्खनच्या सुलतानांनी आपसांतली भांडणं मिटवून विजयनगरविरुद्ध जी एकी केली, त्या तहातलं हे लग्न. सोलापूरचा किल्ला आंदणात दिला गेला. (या सोलापूरवरून दोन्ही घराण्यांनी पुढं पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं. आंदण दिलेली वस्तू पुन्हा मागायची सवय आपल्याकडं जुनीच.) १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम, आणि त्याला सांभाळायला ही विधवा काकी. दरबारातल्या किश्वरखानानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवलं, तिथून ती सुटली, पुन्हा कारभारात आली आणि पोराला मोठं केलं. पुढं माहेरी नगरला परतली, ती तिथल्या भांडणांच्या ऐन मध्ये.

मुराद नगरवर आला तो काही आपोआप आला नाही. निजामशाहीतल्या दखनी आणि हबशी सरदारांचं आपसांत जुंपलं होतं. दखनी गटाच्या मियाँ मंजूनंच मोगलांना मदतीला या म्हणून निरोप धाडला होता. पाहुणे दारात आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर उशीर झाला होता. किल्ला लढवायला उरली चाँदबीबी. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांना त्यातले काही सापडले आणि ते त्यांनी निकामी केले. एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. ती बुरखा घेऊन, हातात तलवार धरून त्या खिंडारात उभी राहिली आणि रात्रीतून भिंत पुन्हा उभी केली, हे सगळ्यांनाच माहीत आहे. कमी जणांना माहीत आहे ते असं, की तेव्हा विजापूरची फौज सुहेलखान नावाच्या हबशी सरदाराच्या हाताखाली नगरच्या मदतीला निघाली होती. ज्या इब्राहीमला तिनं वाढवलं त्यानं ती पाठवली होती. ही फौज जवळ येतेय कळल्यावर मुरादनं तहाची भाषा सुरू केली. वऱ्हाड देऊन नगर वाचलं.

चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला. या वेळी शहजादा दानियाल होता, सोबत पुन्हा खानखाना. स्वतः अकबर तेव्हा बुऱ्हाणपुरात येऊन असीरगड घ्यायच्या खटपटीत होता. किल्ला फार दिवस तग धरणार नाही हे ओळखून चाँदबीबी तह करायच्या विचारात होती. ती मोगलांना फितूर झाली अशी आवई तिच्याच एका सरदारानं उठवली आणि तिच्याच शिपायांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. साल १६००. पुढच्या जानेवारीत असीरगडही पडला.

हे सगळं मी वर्गात दहा वेळा सांगितलं असेल. पण सहल ठरवताना नकाशा समोर घेऊन बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की ज्या दोन गावांतून मला एक निवडायचं होतं त्यांतलं एक चाँदबीबीचं सासर होतं. दुसरं होतं ते तिचं माहेर मोडायला निघालेल्या बादशहाचा तळ.

असं लिहिलं की वाटतं निवड सोपी आहे. तशी ती नाही. विजापूर हे काही नगरचं कायमचं सोयरं नव्हतं. १६२४ ची भातवडीची लढाई घ्या. भातवडी नगर तालुक्यातच आहे. तिथं मलिक अंबर एका बाजूला, आणि त्याच्याविरुद्ध मोगल आणि विजापूरकर एकत्र. अंबराच्या बाजूनं शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले, आणि शरीफजी तिथं पडले. या दोघा भावांची नावं मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली होती. मूळचा हबशी गुलाम असलेला वजीर, त्याच्या फौजेत नगरच्या पीराची नावं लावणारे मराठे भाऊ, आणि समोर दिल्ली अधिक विजापूर. आता मागच्या बाकावरच्या त्या पोरानं विचारावं, की सर, इसमें अपने कौन?

आणि बुऱ्हाणपूरही निव्वळ शत्रूची छावणी नव्हतं. मोगलांच्या आधी तिथं फारुकींचं राज्य होतं. त्यांच्या राजा अलीखानानं १५९० च्या सुमाराला बांधून पुरी केलेल्या जामा मशिदीत अरबीच्या सोबतीनं संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत, नमाजाच्या जागी, संस्कृत. तो माणूस १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत मारला गेला. मोगलांच्या बाजूनं लढला, आणि समोर होता विजापूरचा तोच सुहेलखान. ज्याच्या मशिदीतला संस्कृत लेख दाखवून मी मुलांना मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या असत्या, तो आमच्या नगरच्या विरुद्ध बाजूला होता.

थोरलीनं मोबाईलवर पाहिलेली ती भुयारं म्हणजे कुंडी भंडारा. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालून विहिरी-विहिरींनी जोडत शहरात आणलेलं. १६१५ च्या सुमाराचं काम, खानखानाच्या कारभारातलं. जवळपास त्याच काळात मलिक अंबर त्याच्या खडकी गावात, म्हणजे आजच्या औरंगाबादेत, अशीच नहर खोदत होता. खानखाना आणि अंबर एकमेकांविरुद्ध आयुष्यभर लढले आणि दोघांनी एकाच विद्येनं आपापल्या गावाची तहान भागवली. खानखाना म्हणजेच हिंदीच्या पुस्तकातला रहीम. ज्याचे दोहे माझी मुलं शाळेत पाठ करतात, त्यानंच दोनदा नगरला वेढा घातला. थोरलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग हिंदीच्या पेपरात लिहू का?" मी म्हटलं, मार्क हवे असतील तर नको.

मुमताजच्या मृत्यूबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकते. १६३० ते १६३२ हा दख्खन-गुजरातच्या भयंकर दुष्काळाचा काळ. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली तो हाच दुष्काळ. शाहजहान तेव्हा मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या दरबारी इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की बादशहानं लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये असे वीस सोमवार वाटले, एकूण एक लाख. पीटर मंडी हा इंग्रज तेव्हा सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. त्यानं वाटेवर पाहिलेल्या प्रेतांबद्दल लिहिलंय. ताजमहालची गोष्ट सांगताना आपण त्या बागेतल्या तात्पुरत्या कबरीवर थांबतो. आजूबाजूला किती जणांना कबरसुद्धा मिळाली नाही, ते राहून जातं. बुऱ्हाणपूरला गेलो असतो तर मुलांना मी हे सांगितलं असतं, आणि बेगम म्हणाली असती, सुट्टीत तरी शाळा बंद ठेवा.

तर मन बुऱ्हाणपूरकडे का झुकलं होतं? याचं उत्तर मला फिरिश्त्यानं दिलं.

मोहम्मद कासिम फिरिश्ता हा दख्खनच्या इतिहासाचा मोठा आधार. त्याचा बाप इराणातून नगरला आला होता, इथल्या शहजाद्याला फारसी शिकवायला. फिरिश्ता नगरच्या दरबारात वाढला, तिथं कापाकापी सुरू झाल्यावर १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि इब्राहीम आदिलशहाच्या सांगण्यावरून त्यानं आपला इतिहास लिहिला. हा इब्राहीम म्हणजे चाँदबीबीनं वाढवलेला तोच मुलगा. १६०४ मध्ये, म्हणजे चाँदबीबीला जाऊन चारच वर्षं झाली असताना, याच इब्राहीमनं आपली मुलगी दिली शहजादा दानियालला. ज्यानं नगर घेतलं तोच दानियाल. लग्न लागलं ते गोदाकाठी, पैठणला. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. फिरिश्ता नवरीच्या लवाजम्यासोबत होता आणि पैठणहून तो बुऱ्हाणपुरापर्यंत गेला. वर्षभरात दानियाल दारूपायी बुऱ्हाणपुरातच मेला आणि ती मुलगी विधवा झाली.

पैठणहून बाजार करून येताना मी पुलावर कित्येकदा थांबलोय. नाथसागर दिसतो, पाणपक्षी दिसतात, पोरं भजी खातात. विजापूरहून निघालेली एक मुलगी इथून बुऱ्हाणपूरला गेली, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. मी ज्या दोन गावांमध्ये अडकलो होतो, त्यांच्यातला रस्ता माझ्या बाजाराच्या गावावरून जात होता. आणि त्या रस्त्यावरची सगळी वर्दळ उत्तरेकडे होती. मुलगी उत्तरेला दिली. पुढं सत्ता उत्तरेला गेली. मग भाषाही.

भाषेशी मी थांबलो. बी.एड.ला माझे विषय दोन, उर्दू आणि मराठी. मराठी शिकवताना मी मुलांना सांगतो, की बोलीला हसू नका, बोली ही प्रमाणभाषेची आई आहे. उर्दूच्या तासाला तोच मी पोरानं "मेरेकू" म्हटलं की लगेच दुरुस्त करतो, मुझे म्हण. "नक्को" म्हटलं की डोळे वटारतो. पाहुणे लखनऊकडचे असले तर अम्मी बोलायला लागली की मी मध्ये तोंड घालतो आणि तिचं वाक्य साफ करून सांगतो. अम्मीच्या हे लक्षात आलेलं आहे. ती हल्ली पाहुण्यांसमोर कमी बोलते.

आणि विजापूर म्हणजे काय? ज्या बोलीला मी वर्गात लाल शाई लावतो, ती बोली जिथं दरबारात बसली होती ते गाव. इब्राहीमनं 'किताब-ए-नवरस' हे आपलं गाण्यांचं पुस्तक दखनीत लिहिलं आणि त्याची सुरुवात सरस्वतीच्या वंदनेनं केली. त्याला लोक जगद्गुरू म्हणत. शाह मीराँजी आणि त्यांचे चिरंजीव बुऱ्हाणुद्दीन जानम या सूफींनी तिथं दखनीत रचना केल्या, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळाव्यात. नुसरतीनं तिथंच दखनीत मोठमोठी काव्यं लिहिली. दिल्लीत तेव्हा शिकलेली माणसं फारसीत लिहीत होती. दिल्लीकरांना आपल्या बोलीत गझल लिहायची हिंमत आली ती औरंगाबादचा वली तिकडं गेल्यावर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. हे मी एम.ए.च्या पोरालाही समजावून सांगू शकेन. तरी घरात आईचं वाक्य दुरुस्त करतो.

माझं मन बुऱ्हाणपूरकडं झुकलं होतं ते मोगलांच्या बाजूनं. ताजमहाल, लाल किल्ला, साफ उर्दू, ज्याला सगळे मान देतात ते. आपण दख्खनचे मुसलमान स्वतःचा इतिहास विचारला की दिल्ली-आग्र्याचा सांगतो, आणि दिल्ली-आग्रा तर आमच्या गावाच्या भिंतीखाली सुरुंग पेरत होते. समोरच्यानं औरंगजेबाचं नाव काढून टोचलं की आपण औरंगजेबाची वकिली करायला उभे राहतो. पण औरंगजेबानं ज्यांची राज्यं संपवली त्यात दख्खनचे मुसलमान सुलतानही होते. ही वकिली आपल्याकडं सोपवली कुणी?

एवढं सगळं मी रात्री जेवताना घरच्यांना ऐकवलं. बेगम म्हणाली, म्हणजे विजापूर ना? मग एवढं लांबवायचं कशाला. थोरली रुसली. तिला मी मुलुखमैदान तोफेची गोष्ट सांगितली. मराठीत आपण दणकून बोलणाऱ्या वक्त्याला मुलुखमैदानी तोफ म्हणतो. ती तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ओतली गेली नगरला. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहासाठी. ओतणाऱ्याचं नाव तोफेवर कोरलंय, मोहम्मद बिन हुसेन रूमी. वजन पंचावन्न टनांच्या आसपास, तोंड सिंहाचं आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. नगरहून परांड्याच्या किल्ल्यात आणि तिथून १६३२ मध्ये विजापुरात. विजापूर पडल्यावर औरंगजेबानं आपल्या विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरून घेतला. एकाच तोफेवर नगर, तुर्कस्तानाकडचा कारागीर आणि दिल्ली. इंग्रजांच्या काळात ती भंगाराच्या लिलावातही निघाली होती. दीडशे रुपये बोली आली आणि मग विक्री रद्द झाली.

"म्हणजे आपली तोफ त्यांच्याकडं आहे?" धाकटा म्हणाला. आपली, त्यांच्याकडं. मी काही बोललो नाही.

थोरलीनं अट घातली, की मे महिन्यात बुऱ्हाणपूर. मे महिन्यात तापीकाठी काय ऊन असतं ते तिला माहीत नाही. हिवाळ्यात बघू म्हणालो. तिथल्या मावा जिलेबीचं नाव काढल्यावर बेगमही तिच्या बाजूला गेली. शाळेत त्या सहकाऱ्यांना मी सांगितलं, विजापूर ठरलं. ते म्हणाले, "मग गोल घुमटात माझंही नाव ओरडा." मी म्हटलं, ओरडतो.

शुक्रवारी दुपारी निघायचं ठरलंय, जुम्मा झाल्यावर. नगर, सोलापूर, विजापूर. आंदणाच्या किल्ल्यावरून, ज्या बाजूला चाँदबीबीची वरात गेली त्याच बाजूला. तिच्या नवऱ्यानं १५७९ मध्ये तिच्या नावानं बांधलेली चाँद बावडी तिथं आहे. अम्मीला घुमट चढता येणार नाही, तर तिला बावडीकाठी बसवू असं मी म्हटलं. अम्मी चिवड्याचा डबा पिशवीत भरत होती. तिनं मध्येच हात थांबवून विचारलं, "वहाँ के लोगां मेरी बोली समझींगे क्या?"

"समझींगे अम्मी," मी म्हणालो.

"तू बीच में नक्को बोल फिर," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.